टॅप बिअरच्या नळ्यांची सफाई आणि निगा

केगपासून, म्हणजे बिअरच्या पिंपापासून, टॅपपर्यंतची बिअरची नळी दर १४ दिवसांनी कॉस्टिकच्या, म्हणजे तीव्र अल्कलीच्या, द्रावणाने धुतलीच पाहिजे, मग त्या दिवशी बिअर कितीही चांगली लागत असो. हा नियम सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, ज्या बारमध्ये नळ्या बिघडलेल्या आढळतात तिथे बहुतेक वेळा सफाईचे सामान असते आणि ते वापरता येणारा माणूसही असतो. नसते ती फक्त ठरलेली तारीख. ‘चव बदलली की धुऊ’ असे म्हणून थांबणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही की, बदललेली चव सर्वांत आधी गिऱ्हाइकाला कळते. गिऱ्हाईक बहुधा तक्रार करत नाही. ते दुसरा मग मागवत नाही, आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जाते.

१४ दिवसांचा हा अवधी अमेरिकेतील ब्रुअरांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत धरलेला आहे. ब्रिटनमधील पबमध्ये दर सात दिवसांनी नळ्या धुण्याची रीत आहे, आणि जर्मनीच्या डीआयएन ६६५०-६ या मानकातही बिअरसाठी सात दिवसच दिले आहेत. पुण्यात २००९ साली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतर टॅपवरची ताजी बिअर आपल्याकडे रुजली; पण तिच्यासोबत यायला हवी होती ती सफाईची शिस्त सगळीकडे सारखी आलेली नाही. आपल्या हवेचा विचार करता माझे मत असे आहे की, १४ दिवस ही शेवटची मर्यादा समजावी आणि गव्हाच्या, गढूळ किंवा फळ घातलेल्या बिअरच्या नळ्या आठवड्याला धुवाव्यात.

नळीत नेमके काय साचते

पद्धत समजून घेण्याआधी शत्रू ओळखणे आवश्यक आहे, कारण कोणते रसायन कशासाठी हे ठाऊक नसेल तर माणूस पायऱ्या गाळू लागतो. बिअरमध्ये प्रथिने, न आंबलेली शर्करा, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांची राळ आणि थोडे यीस्ट असते. हे सारे नळीच्या आतल्या भिंतीला हळूहळू चिकटते आणि त्या चिकट थरात जिवाणू घर करतात. या थरालाच बायोफिल्म म्हणतात. तेलकट डबा नुसत्या पाण्याने विसळून जसा स्वच्छ होत नाही, तसाच हा थरही पाणी सोडल्याने निघत नाही. पाणी त्यावरून वाहून जाते इतकेच. रोज रात्री टॅपमधून पाणी सोडले म्हणजे नळी धुतली, हा समज आपल्या बारमध्ये फार घट्ट बसलेला आहे आणि तो मोडल्याशिवाय पुढचे काहीच साध्य होणार नाही.

दह्याचे विरजण ज्या जिवाणूंमुळे लागते, त्यांच्याच लॅक्टोबॅसिलस या मोठ्या गोतावळ्यातील काही जिवाणू बिअरला आंबूस करतात. पेडिओकॉकस या जिवाणूमुळे डायअॅसिटिल तयार होते आणि बिअरला लोण्यासारखा वास येतो. तोंडात थोडा तुपकट लेपही जाणवतो. व्हिनेगरचा वास आला तर अॅसिटोबॅक्टर आहे असे समजावे. त्याला प्राणवायू लागत असल्याने तो नळीच्या आत खोलवर फारसा वाढत नाही, तर टॅपच्या तोंडाशी, ड्रिप ट्रेमध्ये आणि कपलरच्या, म्हणजे केगच्या तोंडावर बसणाऱ्या जोडणीच्या, खाचांत राहतो. चिलटे त्याला एका टॅपवरून दुसऱ्या टॅपवर नेतात. मद्यार्क, आम्लता आणि हॉप्स यांमुळे बिअरमध्ये रोगजंतू सहसा वाढत नाहीत, त्यामुळे घाणेरड्या नळीतील बिअर पिऊन कोणी लगेच आजारी पडत नाही. या दुर्लक्षाला एवढी मुभा मिळते ती यामुळेच.

दुसरा शत्रू निर्जीव आहे. बिअरमधील ऑक्झलेट आणि कॅल्शियम एकत्र येऊन कॅल्शियम ऑक्झलेटचा कडक, फिकट तपकिरी थर तयार होतो. त्याला बिअरस्टोन म्हणतात. बहुतेक मुतखडे याच पदार्थाचे असतात, आणि अळूच्या पानाची खाजही त्याच्याच सुईसारख्या स्फटिकांमुळे सुटते. अळूच्या भाजीत चिंच घालण्याची आपली रीत ज्याला माहीत आहे त्याला पुढचा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही: कॉस्टिकसारखा अल्कली हा थर काढू शकत नाही, त्याला आम्लच लागते. म्हणून सफाईचे दोन प्रकार होतात. सेंद्रिय घाणीसाठी दर १४ दिवसांनी कॉस्टिक आणि खनिज थरासाठी दर तीन महिन्यांनी आम्ल. एक केले म्हणून दुसरे टळत नाही. बिअरस्टोनचा खडबडीत पृष्ठभाग तसाच राहिला तर जिवाणूंना लपायला जागा मिळते आणि पुढची प्रत्येक कॉस्टिक सफाई अर्धवट ठरते.

आधी नळी मोजावी

आपल्या प्रत्येक नळीत किती बिअर मावते हे ठाऊक असणे फार उपयोगाचे असते, आणि ते काढणे सोपे आहे. ३/१६ इंच आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे १८ मिलिलिटर, १/४ इंचाच्या नळीत सुमारे ३२ मिलिलिटर आणि ३/८ इंचाच्या नळीत सुमारे ७१ मिलिलिटर द्रव मावतो. म्हणजे शीतगृहापासून बारपर्यंत १/४ इंचाची २० मीटर नळी असेल, तर तिच्यात साधारण ६४० मिलिलिटर बिअर उभी असते. द्रावण किती बनवायचे, पाणी किती सोडायचे आणि शेवटी टॅपमधून पाणी जाऊन बिअर कधी येणार, हे सारे या एका आकड्यावरून कळते. सफाईत बिअर वाया जाते अशी मालकांची तक्रार असते. तिलाही हाच आकडा उत्तर देतो. अशा आठ नळ्या धुताना सुमारे पाच लिटर बिअर जाते, म्हणजे ५०० मिलीचे दहा मग. दोन आठवड्यांच्या विक्रीपुढे हे नुकसान किती आहे ते प्रत्येकाने आपल्या हिशेबाच्या वहीत पाहावे.

रसायन, पाणी आणि भांडी

कॉस्टिक म्हणून किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानातील, मोरी साफ करण्याचे सोड्याचे तुकडे आणू नयेत. बिअरच्या नळ्यांसाठी मिळणाऱ्या क्लीनरमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर पृष्ठताण कमी करणारे आणि पाण्यातील क्षार धरून ठेवणारे घटक असतात, आणि त्यांच्यामुळेच द्रावण थराच्या आत शिरते. नळीत प्रत्यक्ष वाहणाऱ्या द्रावणात कॉस्टिकचे प्रमाण दोन टक्के असावे. नळ्या जुन्या असतील किंवा बिअरचा बिघाड आधीच झाला असेल तर तीन टक्के घ्यावे. दोन टक्के म्हणजे दहा लिटर द्रावणात २०० ग्रॅम शुद्ध कॉस्टिक. मात्र बाजारातील द्रवरूप क्लीनर मुळात किती तीव्र आहे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, त्यामुळे अंदाजाने ‘एक झाकण’ ओतण्याऐवजी लेबल वाचून मापाने घ्यावे. प्रमाण वाढवून वेळ वाचवता येईल असे वाटते, पण तसे केल्याने रबराचे गॅस्केट आणि पितळी भाग खराब होतात.

पाणी बोअरचे असेल तर ते बहुधा जड असते आणि कॉस्टिक घातल्यावर त्यातील कॅल्शियमचा पांढरा साका खाली बसतो. तोच साका नळीतही बसू शकतो. अशा ठिकाणी द्रावणासाठी आरओचे किंवा सॉफ्टनरमधून आलेले पाणी वापरावे. द्रावण प्लास्टिकच्या जाड बादलीत किंवा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात करावे. स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमचे पातेले कदापि घेऊ नये, कारण कॉस्टिक अॅल्युमिनियमला खाते आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो.

बादलीत आधी पाणी घ्यावे आणि मग त्यात रसायन हळूहळू सोडावे. रसायनावर पाणी ओतू नये, कारण उष्णता एकदम निर्माण होऊन द्रावण अंगावर उसळते. कॉस्टिक, आम्ल आणि ब्लीच या तिघांची गाठ कधीही पडू देऊ नये. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. शिवाय क्लोरीनचा वास प्लास्टिकच्या नळीत मुरतो आणि तो बिअरमध्ये औषधासारखा उतरतो. या कामात ब्लीचला मुळीच जागा नाही.

डोळ्यांवर बंद चष्मा, हातांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि पायांत बंद बूट असल्याशिवाय कोणी सफाईला हात लावू नये. कॉस्टिक डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. त्यावर लिंबू, व्हिनेगर असले काही घालू नये. यापेक्षाही मोठा धोका असतो तो गिऱ्हाइकाला. सफाई चालू असताना नव्या मुलाने चुकून तोच टॅप ओढला तर ग्लासात बिअरऐवजी कॉस्टिक जाते, आणि अशा अपघातात माणसाचा घसा व अन्ननलिका कायमची भाजू शकते. म्हणून सफाई नेहमी बार बंद असताना करावी, टॅपच्या मुठी काढून आपल्याजवळ ठेवाव्यात आणि ‘सफाई चालू आहे, टॅप उघडू नये’ अशी पाटी लावावी. तीन उपाय कशाला असे वाटेल, पण यातला एकही उपाय मी सोडायला तयार नाही.

कॉस्टिकची सफाई

पहिले काम गॅसचे. कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा बंद करून सर्व केगवरून कपलर काढावेत. कपलर केगवर असताना द्रावण सोडले तर ते केगमध्ये शिरू शकते, त्यामुळे ही पायरी कोणी दुसऱ्याने केली असे सांगितले तरी स्वतः पाहून खात्री करावी. शीतगृहात काम करताना दार उघडे ठेवावे, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने गळती असेल तर तो खाली साचत राहतो. ग्लायकॉल या सहज न गोठणाऱ्या गार द्रवाने थंड होणाऱ्या लांब नळ्या असतील तर सफाईपुरता ग्लायकॉलचा पंप बंद करावा. नाहीतर कोमट द्रावण वाटेतच गार होते.

यानंतर टॅपचे नळ पान्याने काढून, सुटे करून, वेगळ्या बादलीत द्रावणात भिजत टाकावेत. नळ जागेवर ठेवून नळी धुतली तर त्याच्या आतल्या खाचा तशाच राहतात, आणि सर्वांत जास्त घाण तिथेच असते.

पंपाने द्रावण फिरवण्याची पद्धत सर्वांत चांगली आहे. दोन नळ्यांचे कपलर शीतगृहात एका जोडणीने एकमेकांना जोडावेत, म्हणजे दोन्ही नळ्यांची मिळून एक लांब वाट होते. बारच्या बाजूला पहिल्या नळीच्या तोंडाला पंपाची नळी जोडावी आणि दुसऱ्या नळीचे तोंड परतीसाठी बादलीत सोडावे. आधी साधे पाणी सोडून आतली बिअर बाहेर काढावी आणि ती बादली ओतून द्यावी, कारण बिअर आम्लधर्मी असल्याने ती द्रावणाचा जोर कमी करते. मग कॉस्टिकचे द्रावण किमान १५ मिनिटे सतत फिरवावे. परत येणाऱ्या द्रावणाचे तापमान २७ ते ४३ अंश सेल्सियस यांदरम्यान असावे, आणि ते परतीच्या टोकाला मोजावे; बादलीत भरताना किती होते याला अर्थ नाही. यापेक्षा गरम पाणी प्लास्टिकच्या नळीला सोसत नाही.

द्रावणाचा वेग हा या पद्धतीचा प्राण आहे. रसायन थर सैल करते, पण सैल झालेला थर ओढून बाहेर आणते ते वाहते पाणी. अमेरिकन पुस्तिकेने मिनिटाला सुमारे साडेसात लिटर हा वेग आदर्श मानला आहे. म्हणजे परतीच्या नळीखाली एक लिटरचे मापटे धरले तर ते आठ सेकंदांत भरले पाहिजे. तेवढा वेग मिळत नसेल तर जोडलेल्या नळ्यांची संख्या कमी करावी, पंपाचा दाब मात्र ६० पीएसआयच्या वर नेऊ नये. वाटेत फोब, म्हणजे केग संपल्यावर फेस अडवणारे यंत्र, असेल तर त्याची वरची हवा काढून ते द्रावणाने पूर्ण भरू द्यावे, नाहीतर त्याच्या टोपीखालचा भाग कोरडाच राहतो.

ज्यांच्याकडे पंप नाही त्यांनी दाबाच्या डब्याने नळीत द्रावण भरून ते किमान २० मिनिटे आत ठेवावे. ही पद्धत दुय्यम आहे, कारण तिच्यात घासणारा वेग नसतो. ती वापरावीच लागत असेल तर दहा मिनिटांनी नळीतील द्रावण काढून नवे भरावे, आणि एरवीच्या १४ दिवसांऐवजी सात दिवसांनी धुवावे असे मला वाटते. वेळ कमी आहे म्हणून द्रावण रात्रभर नळीत ठेवून सकाळी धुण्याची युक्ती काही जण करतात. ती घातक आहे. सील आणि पितळ तर खराब होतेच, पण सकाळी येणाऱ्या माणसाला आत काय आहे ते माहीत नसते.

मग पाण्याने धुणे. थंड, पिण्यायोग्य पाणी नळीतून सोडत राहावे आणि पीएच पट्टीने तपासावे. आधी बादलीतल्या साध्या पाण्याचा पीएच पाहून ठेवावा, आणि टॅपच्या टोकाला येणाऱ्या पाण्याचा पीएच अगदी तेवढाच होईपर्यंत पाणी सोडावे. द्रावणाचा पीएच १३ च्या आसपास असतो, त्यामुळे थोडे जरी शिल्लक असले तरी पट्टीचा रंग स्पष्ट सांगतो. बोटाला बुळबुळीत लागते का हे पाहणे किंवा जिभेला लावून पाहणे ही तपासणी नव्हे. पट्ट्यांची एक डबी स्वस्त असते आणि ती संपली असेल तर सफाई पुढे ढकलावी, पट्टीविना करू नये.

सॅनिटायझरबद्दल दोन शब्द. साथीच्या वर्षांनंतर हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला आहे आणि नळीत सॅनिटायझर फिरवला की झाले असे अनेकांना वाटते. सॅनिटायझर स्वच्छ पृष्ठभागावरील उरलेसुरले जंतू मारतो. चिकट थराच्या आत तो पोहोचत नाही. कॉस्टिकनंतर तो वापरल्यास हरकत नाही, कॉस्टिकऐवजी वापरू नये.

नळ, कपलर आणि गॅस्केट

द्रावणात भिजलेले नळ आता हाताने घासावेत. नळाचा दांडा, आतली दट्ट्याची सळई, वॉशर आणि तोंड हे सर्व सुटे करून बारीक ब्रशने आतून-बाहेरून घासावेत आणि पाण्याने धुवावेत. हे काम दर १४ दिवसांच्या सफाईत प्रत्येक वेळी करायचे आहे. नायट्रोजनवर चालणाऱ्या स्टाउट या काळ्या बिअरच्या टॅपमध्ये बारीक छिद्रांची चकती असते. तीही दर वेळी काढून, छिद्रे उजेडासमोर धरून पाहावीत, कारण एखादे छिद्र बुजले तरी त्या बिअरचा दाट फेस बिघडतो. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेल्या नळांचा मुलामा आतून झिजू लागला की बिअरला धातूची चव येते आणि त्या खडबडीत जागी घाण धरते. असे नळ घासत बसण्यापेक्षा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. एकदाच खर्च होतो.

कपलरची खालची बाजू, जी केगच्या तोंडावर बसते, ती प्रत्येक सफाईत ब्रशने घासावी; कपलर आणि फोब पूर्ण सुटे करून धुण्याचे काम सहा महिन्यांनी करावे. जोडताना प्रत्येक ओ-रिंग बोटांत फिरवून पाहावी. तडा, चपटेपणा किंवा रंगातला बदल दिसला तर नवी घालावी, आणि तिला खाद्यपदार्थांसाठी चालणारे वंगण बोटाच्या टोकाएवढेच लावावे. शिवणयंत्राचे तेल किंवा व्हॅसलीन लावलेले मी पाहिले आहे. तेलाचा अंश ग्लासात उतरला की बिअरचा फेस टिकत नाही, आणि मग दोष ब्रुअरला दिला जातो.

रोज रात्री करायचे काम लहान आहे. टॅपची तोंडे बाहेरून व आतून ब्रशने धुवावीत, ड्रिप ट्रे काढून गरम पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि तोंडांवर टोप्या बसवाव्यात. पावसाळ्यात आणि आंब्याच्या दिवसांत चिलटांचा उपद्रव वाढतो, तेव्हा ही टोपी फार मोलाची ठरते. दिवसभर भरतानाही टॅपचे तोंड ग्लासातील बिअरला किंवा फेसाला टेकू नये. हे नुसते दिसायला वाईट आहे म्हणून नव्हे. तोंडाला लागलेली बिअर वाळते आणि तिथेच अॅसिटोबॅक्टरला खाद्य मिळते.

टँकमधून थेट बिअर देणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईतल्या अनेक मायक्रोब्रुअरीत केग नसतात. शीतगृहातील सर्व्हिंग टँकमधून नळी थेट टॅपपर्यंत जाते. इथे एक चूक नेहमी होते. टँक रिकामा झाला की टँक आणि नळी एकत्र धुऊ, असा बेत असतो. कमी खपणारी बिअर टँकमध्ये महिनाभर राहते, आणि तेवढे दिवस नळीही न धुता राहते. टँकमध्ये बिअर असतानाच टँकचा व्हॉल्व्ह बंद करून, क्लॅम्प काढून नळी वेगळी करता आली पाहिजे, आणि ती सफाईच्या पंपाला जोडण्यासाठी योग्य मापाची जोडणी हाताशी असली पाहिजे. ब्रुअरी उभारतानाच ही सोय मागून घ्यावी. व्हॉल्व्हचे तोंड नळी काढल्यावर लगेच स्वच्छ करून सॅनिटायझर मारावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉस्टिक कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या बंद टँकमध्ये कॉस्टिक फवारले तर आतला वायू झपाट्याने नाहीसा होऊन निर्वात पोकळी तयार होते आणि टँक आत दबून चेपू शकतो. शिवाय द्रावणातील कॉस्टिकचे कार्बोनेट होऊन त्याचा जोरही जातो. टँक धुण्याआधी वायू पूर्ण काढून टाकावा आणि धुताना वरची झडप उघडी ठेवावी. याच कारणाने नळीत कॉस्टिक ढकलण्यासाठीही गॅसपेक्षा पंप बरा.

तीन महिन्यांची आम्ल सफाई

हिची वाट तीच, रसायन वेगळे. आधी नेहमीची कॉस्टिक सफाई करून पाणी पीएच पट्टीवर साधे येईपर्यंत सोडावे. मग नळ्यांसाठी बनवलेले, बहुधा फॉस्फोरिक आम्लावर आधारित, क्लीनर लेबलवरील प्रमाणात कोमट पाण्यात घेऊन १५ मिनिटे फिरवावे आणि पुन्हा पाण्याने पीएच जुळेपर्यंत धुवावे. मधले पाणी गाळू नये. अल्कली आणि आम्ल एकत्र आले की दोन्ही एकमेकांना निकामी करतात आणि तीन महिन्यांचे काम पाण्यात जाते.

नळी बदलावी कधी

केगपासून मुख्य नळीपर्यंतचा मऊ व्हिनाइलचा तुकडा दर वर्षी बदलावा. तो सच्छिद्र असतो आणि त्याच्या भिंतीत वास मुरतो. लांब अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या, आतून गुळगुळीत थर असलेल्या बॅरिअर नळ्या नीट निगा राखली तर दहा वर्षांपर्यंत चालतात. नळी पिवळसर पडली असेल, वाकवल्यावर कडक लागत असेल किंवा धुतल्यावरही रिकाम्या नळीला वास येत असेल, तर वयाचा हिशेब न करता ती बदलावी. उन्हाळ्यात आंब्याची बिअर, आल्याची किंवा मसाल्याची बिअर, सायडर असे काही ज्या नळीतून गेले ती नळी साध्या लागर बिअरला पुन्हा देऊ नये. तो वास कॉस्टिकने जात नाही. अशा बिअरसाठी एक टॅप कायमचा राखून ठेवणे सोयीचे पडते.

फेस जास्त येऊ लागला की पहिला हात रेग्युलेटरकडे जातो आणि दाब कमी केला जातो. त्याने फेस वाढतोच, कारण कमी दाबात बिअरमधला वायू नळीतच सुटू लागतो. आधी ग्लासात पडणाऱ्या बिअरचे तापमान मोजावे. ते तीन-चार अंशांच्या बरेच वर असेल तर दोष शीतकरणाचा आहे. तापमान बरोबर असेल आणि एकाच टॅपला फेस येत असेल तर त्या नळीची शेवटची सफाई कधी झाली ते पाहावे, कारण आतला खडबडीत थर वायूला सुटायला जागा देतो.

तारखा आणि नोंद

सफाईचा वार पक्का ठरवावा. सोमवारची सकाळ बहुतेकांना सोयीची असते. महाराष्ट्रात २ ऑक्टोबरसारख्या ड्राय डेला पूर्ण दिवस हाताशी मिळतो, तेव्हा आम्ल सफाई किंवा कपलर सुटे करण्यासारखी वेळखाऊ कामे त्या दिवशी ठेवावीत. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते. दोन दिवस नळीत उभी राहिलेली बिअर पुन्हा बार उघडताना गिऱ्हाइकाला देऊ नये. नळीच्या मापाएवढी बिअर आधी काढून टाकावी, आणि त्या बंदीच्या काळात शीतगृह व ग्लायकॉल चालूच ठेवावे.

शीतगृहाच्या दारावर एक वही टांगून तिच्यात प्रत्येक नळीपुढे तारीख, द्रावणाचे प्रमाण, परतीचे तापमान, शेवटचा पीएच, बदललेले भाग आणि सफाई करणाऱ्याची सही लिहावी. सर्व पाणी सोडून झाल्यावर नळ परत बसवावेत, ग्लायकॉल सुरू करावा, कपलर केगवर चढवून गॅस उघडावा, प्रत्येक जोडणीवर साबणाचे पाणी लावून गळती पाहावी, आणि मग नळीच्या मापाएवढे पाणी टॅपमधून जाऊ द्यावे. बिअर येऊ लागली की एक ग्लास भरून घ्यावा, उजेडात रंग पाहावा, वास घ्यावा, पीएच पट्टी एकदा पुन्हा बुडवावी, आणि ती बिअरचा नेहमीचा, चार-साडेचारच्या आसपासचा आम्ल पीएच दाखवते आहे याची खात्री झाल्यावर घोट घ्यावा. वहीत सही करायची ती त्यानंतर, आणि टॅपच्या मुठी जागेवर बसवायच्या त्याही त्यानंतरच.